शेकाचा दगड

ही गोष्ट फार लांबची नाही. आज बालवाडीत शेंबूड ओढत बसलेली पोरं बोहल्यावर चढतील, एवढीच पुढची. माणदेशातल्या हिवरओढा गावात तोवर पुष्कळ काही नवं आलं होतं. पाण्याचा टँकर बिनड्रायव्हरचा यायचा, त्यामुळं बायकांना भांडायला माणूस उरला नव्हता. शेळ्यांच्या गळ्यात घंटीऐवजी चकत्या होत्या आणि कुठली शेळी कुणाच्या रानात शिरणार हे शेळीच्या आधी तलाठ्याला कळायचं. बाळंतिणीचं अंग रगडणारं यंत्रसुद्धा निघालं होतं. तालुक्याच्या एका बाईनं ते हौसेनं आणलं, तर त्यानं तिचा खांदा असा काही धरला की सोडवायला गवंडी बोलवावा लागला. तेव्हापासून पंचक्रोशीतल्या बाळंतिणी पुन्हा मुकाट धुरपदाबाईच्या हवाली झाल्या.

धुरपदाबाईचं वय सत्तरच्या पुढं. अंगानं चिपाड, पण हात असे की पाठीवर फिरले की माणूस आपलं नाव विसरावा. तिच्या टोपल्यात तीनच वस्तू असायच्या. ओवा आणि लसूण टाकून उकळलेल्या तिळाच्या तेलाची बाटली, जुन्या लुगड्याचं मऊ फडकं आणि शेकाचा दगड. दगड चुलीत तापवायचा, तेलाच्या वाटीत चर्रकन बुडवायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि बाळंतिणीच्या कमरेवर, ओटीपोटावर, पायांच्या पोटऱ्यांवर फिरवायचा. मग थोडा निवला की बाळाच्या पोटाला हळूच टेकवायचा. चाळीस वर्षं हाच उद्योग.

त्या वर्षी गुढीपाडव्याच्या आधी एका सोमवारी, भर दुपारी आभाळात धडाड्‌धूम झालं. लोकांनी मान वर केली, "खाणीत सुरुंग उडवला," असं म्हणून खाली घातली. धुरपदाबाईला तेवढीही फुरसत नव्हती. तिचा शेकाचा दगड आदल्याच दिवशी चुलीत तडकून दोन झाला होता आणि सरपंच आबासाहेब काटकरांची लेक केतकी बाळंत होऊन पाचवा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीच्या पाण्यात टाकायला निरगुडीचा पाला आणायला बिरोबाच्या माळावर गेली. तिथं बाजरीच्या धसकटांत हातभर खड्डा पडलेला आणि खड्ड्यात एक काळा दगड. धुरपदाबाईनं उचलला. नारळाएवढा, पण वजन नारळाच्या तिप्पट. वरची साल काळी, मऊ, पातेल्याच्या बुडासारखी. आणि अंगावर खळगे, ओल्या मातीत कुणी अंगठे रुतवावेत तसे. तिची पाचही बोटं त्या खळग्यांत बरोब्बर बसली.

"माझ्या मापाचा केलाय जनू," ती म्हणाली आणि दगड टोपल्यात टाकून घरी आली.

दगड निघालाही गुणाचा. ओढ्यातला दगड भसकन तापतो आणि भसकन निवतो. हा बेतानं तापायचा आणि बाळंतिणीला झोप लागून ती जागी होईतो ऊब धरून राहायचा. केतकीची कंबर तिसऱ्या दिवशी हलकी झाली. बाळ तर असं झोपायचं की आबासाहेबांची बायको मालनबाई दर तासाला त्याच्या नाकाशी सूत धरून बघायची.

आता धुरपदाबाईची नात वैजयंता, म्हणजे वैजू. आईबाप ऊसतोडीवर, म्हणून वैजू आजीपाशीच वाढली, शिकली आणि तालुक्याच्या अशनी-केंद्रात नोकरीला लागली. अशनी म्हणजे आभाळातून पडलेला दगड. त्या काळात जागोजाग मनोऱ्यांवर आभाळ बघणारे कॅमेरे बसले होते आणि पडेल तो दगड धरून त्याची नोंद करायची, असा सरकारनं चंग बांधला होता. सोमवारचा धडाका कॅमेऱ्यांनी टिपला होता. दगड आला कुठून, कुठल्या लघुग्रहाचा तुकडा, तेही गणितानं काढलं होतं. फक्त पडला कुठं, त्यात चार कोसांची चूक झाली. वैजू आणि तिची माणसं पंधरा दिवस पलीकडच्या डोंगराचा एकेक खडा उलथा करत होती आणि दगड इकडं तिच्या आजीच्या टोपल्यात बसून केतकीची कंबर शेकत होता.

शेवटी कंटाळून वैजू रविवारची केंद्राच्या जीपनं घरी आली. आदल्याच दिवशी केतकीचं तेल-पाणी संपलं होतं. धुरपदाबाईनं रिवाजाप्रमाणं दगड राखेनं खसाखसा घासून, लिंबाच्या सालीनं पुसून उंबऱ्याशी उन्हात ठेवला होता. वैजू त्याला ठेचकाळली. शिवी द्यायला तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. खिशातलं लोहचुंबक काढून टेकवलं. टक्‌कन चिकटलं.

"आजी! हा कुठं घावला?"

"बिरोबाच्या माळाला."

"कधी?"

"झालं पंधरा-ईस दिस. का गं?"

पण वैजूनं का ते सांगितलं नाही. ती तिथंच मटकन बसली, दगडाचे फोटो काढले, केंद्राला फोन लावला आणि गुडघ्यावर पाटी घेऊन फॉर्म भरायला लागली. सापडल्याची जागा. सापडल्याची तारीख. सापडल्यानंतरची हाताळणी... इथं तिनं क्षणभरही न थांबता 'नाही' वर खूण केली, खाली सही केली आणि दगड हातमोजे घालून निर्जंतुक पिशवीत टाकला. धुरपदाबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा जीप धुळीच्या लोटात गेलेली.

"गेला वाटतं माझा दगड," ती म्हणाली आणि दोन्ही कप स्वतःच प्यायली.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं. घाबरू नका, चहा निवायच्या आत संपेल.

आभाळातून पडणारे बहुतेक दगड हे कोंड्राइट जातीचे. सूर्याभोवती नुसती धूळ फिरत होती, पृथ्वी व्हायची होती, त्या वेळी वितळलेल्या धुळीचे मोहरीएवढे गोल थेंब गोठले आणि ते एकमेकांना चिकटून हे दगड झाले. पृथ्वीवरचा कुठलाही डोंगर त्यांच्यापुढं कालचं पोर. त्यांची जात ठरवायची तर आधी लोखंड किती ते बघायचं. भरपूर असेल तर एच, कमी असेल तर एल, त्याहून कमी असेल तर डबल एल. मग ते मोहरीसारखे दाणे किती शाबूत आहेत ते बघायचं. स्पष्ट दिसले तर तीन आकडा. दगड आपल्या मूळच्या घरी भट्टीतल्यासारखा भाजून निघून दाणे एकमेकांत विरून गेले असतील तर सहा. पूर्वी याला दगडाचा केसाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली महिनोन्‌महिने डोळे फोडावे लागत. वैजूच्या काळात 'रेणुदर्शी' नावाचं यंत्र आलं होतं. ते दगडात सुईएवढं भोक पाडी, आतल्या कणांची लेसरनं वाफ करी आणि वाफेतला रेणून्‌रेणू ओळखून अकरा मिनिटांत दगडाची कुंडली हातात देई. गावात त्याला हुंगणी म्हणत.

हुंगणीनं हिवरओढ्याचा दगड हुंगला. जात निघाली एल-सहा. म्हणजे आभाळातल्या दगडांत अगदी सर्वसाधारण, पंगतीत वरण-भात असावा तसा. वैजूचा चेहरा उतरला. तेवढ्यात यंत्रानं दुसरं पान बाहेर टाकलं.

दगडाच्या पोटात सेंद्रिय रेणू होते. एकदोन नव्हे, भरपूर. तेलातली आम्लं आणि थायमॉल.

एल-सहा दगड हजार अंशांच्या आसपास भाजलेला असतो. त्यात असलं काही टिकणं म्हणजे भट्टीतून काढलेल्या विटेत हिरवी कोथिंबीर सापडण्यासारखं. पुण्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नीलांबरी बर्वे यांनी सगळ्यांत आधी हाच संशय घेतला की दगडाला बाहेरून काही लागलं असणार. पण बाहेरून लागलेला डाग सालीपाशी जास्त आणि पोटात कमी असतो. इथं उलटं होतं. साल लख्ख स्वच्छ आणि जसजसं आत जावं तसतसं थायमॉल वाढत जाणारं. शिवाय फॉर्मवर स्वच्छ लिहिलेलं, हाताळणी नाही. खाली सही.

झालं. जगभर धुरळा उडाला. थायमॉल म्हणजे ओव्यातला वास, हे शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी प्रश्न असा केला की मग पृथ्वीवर ओवा तरी आला कुठून? जीवसृष्टीचं बी आभाळातून पडलं, असं म्हणणारे म्हातारे प्राध्यापक काठ्या टाकून नाचले. नाव ठेवण्याची जागतिक समिती बसली. नियमानं दगडाला जवळच्या गावाचं नाव मिळतं, म्हणून शेजारच्या गावानं माळाची मोजणी मागितली, दोन्ही गावांत बाचाबाची झाली, पण शेवटी नाव ठरलं 'हिवरओढा'. आणि चंद्राच्या तळावरून चौदा महिन्यांच्या सफरीवर निघणारं एक यान होतं, त्याची वाटच बदलायचं ठरलं. हा दगड ज्या लघुग्रहाचा, तिथं जायचं. चौदा महिन्यांची तीन वर्षं झाली.

वैजूला परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेचं बोलावणं आलं. तीन वर्षं, तिकडंच राहणं, तिकडंच शिक्षण. पोरीचे पाय जमिनीला लागत नव्हते. धुरपदाबाईनं गावभर साखर वाटली. कशाबद्दल, ते तिला धड सांगता यायचं नाही. "वैजीनं दगुड हुडकला," एवढंच म्हणायची.

मग सत्काराचा दिवस उजाडला. ग्रामपंचायतीपुढं मांडव, आबासाहेबांच्या डोक्यावर फेटा, वेशीवर 'ओवाभूमी हिवरओढा' अशी कमान. डॉ. नीलांबरी स्वतः आल्या होत्या. बाई पन्नाशीच्या, हुशार, हसऱ्या, पण पाठीनं हैराण. खुर्चीवर एका कुशीवर बसत.

त्यांनी एक काचेची कुपी काढली. "मंडळी, या दगडात जे रेणू सापडले, ते त्याच प्रमाणात एकत्र करून आम्ही यात भरलेत. साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा वास. एकेकानं घ्या."

कुपी फिरली. आबासाहेबांनी डोळे मिटून छाती भरून घेतला. "आहाहा! अंगावर काटा आला बघा. ही वस्तू हितली न्हाईच."

मास्तर म्हणाले, "अलौकिक."

मालनबाईनं हुंगला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं मुकाट्यानं कुपी केतकीकडं दिली. केतकीच्या मांडीवर बाळ सकाळपासून रडून लाल झालेलं. कुपी त्याच्या नाकाजवळून गेली मात्र, त्यानं रडं गिळलं, एक मोठी जांभई दिली आणि मांडवभर ताशा वाजत असताना गाढ झोपलं.

कुपी धुरपदाबाईपाशी आली. तिनं एकदाच हुंगली.

"लसूण कमी पडलाय," ती म्हणाली.

शेजारच्या बाया खुदकन हसल्या. धुरपदाबाई हसली नाही. तिनं झोपलेल्या बाळाकडं बघितलं, मालनबाईकडं बघितलं. मालनबाईनं नजर चुकवली. मांडवातल्या पडद्यावर दगडाचा फोटो होता, घराएवढा मोठा, आणि त्याच्यावर ते पाच खळगे. धुरपदाबाईची पाचही बोटं आपोआप वाकली.

मांडव उठल्यावर तिनं आबासाहेबांना गाठलं.

"आबा, त्यो दगुड माझा शेकाचा हाय. केतकीला त्यानंच शेकलं. त्यातलं त्याल माझ्या वाटीतलं हाय."

आबासाहेबांनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. "धुरपाआत्या, कुणाला बोललीस?"

"पयलं तुला."

"मग पयलं आन्‌ शेवटचं. अगं, रस्ता मंजूर झालाय. दवाखाना यायचाय, खराखुरा, डॉक्टरसकट. आन्‌ तुज्या नातीचं काय? ती इमानात बसणार का न्हाई? तू एक सबुद बोललीस तर पोरीची सही खोटी पडंल. समजतंय?"

ते मात्र धुरपदाबाईला समजलं. बाकी सगळं राहू दे, सही खोटी पडणं म्हणजे काय ते तिला पक्कं कळत होतं.

संध्याकाळी वैजू परसात तुळशीपाशी सामानाची यादी करत बसली होती. धुरपदाबाईनं तिच्या केसांना तेल लावायला घेतलं. दोन बोटं तेल घेतलं आणि थांबली.

"वैजे, ह्याचा वास घे."

"ओव्याचं तेल. का?"

"तुज्या कुपीतला बी ह्योच वास."

वैजू हसली. "अगं, म्हणून तर सगळं जग..." आणि मग तिचं हसू हळूहळू विरत गेलं. ती वळली. "आजी. त्या वीस दिवसांत दगड कुठं होता?"

धुरपदाबाईनं सगळं सांगितलं. चूल, वाटी, फडकं, केतकी, राख. वैजूचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. दगड म्हणजे भरीव वस्तू नव्हे, हे तिला पुस्तकातून पाठ होतं. त्यात केसाहून बारीक पोकळ्या असतात. तापवला की आतली हवा फुगून बाहेर पडते. तसाच तेलात बुडवला की निवता निवता तेल आत ओढून घेतो, खोल, पार पोटापर्यंत. वरून राख घासली की साल स्वच्छ. उलटं प्रमाण! अख्ख्या जगाला न सुटलेलं कोडं, आणि उत्तर तिच्याच चुलीपाशी.

"तू मला सांगितलं का नाहीस?" ती ओरडली.

"मला कुनी इचारलं?"

वैजू रडायलाच लागली. लहानपणी रडायची तशी, गुडघ्यांत डोकं घालून. "माझी सही आहे त्याच्यावर, आजी. मला काढून टाकतील. परदेश राहिला बाजूला, तालुक्याला झाडू मारायलाही ठेवणार नाहीत. आठ दिवस. फक्त आठ दिवस गप्प राहा. मला तिकडं पोचू दे. पुढं कधीतरी कळेल लोकांना आपोआप."

"बरं," धुरपदाबाई म्हणाली. नातीपेक्षा तिला दगड जास्त नव्हता. तिनं वेणी घातली, गाठ मारली आणि सहज विचारलं, "त्या यानात मानसं हायत का नुस्ती यंत्रं?"

"माणसं. सहा जण."

"बाया?"

"दोघी. एक मारिसोल म्हणून आहे, चिलीची. तिला चार वर्षांची मुलगी आहे. आजीपाशी ठेवून गेली आहे."

धुरपदाबाईचा हात वेणीवर तसाच राहिला.

"चौदा म्हैन्यांनी येनार व्हती?"

"हो."

"आन्‌ आता?"

"तीन वर्षांनी."

गोठ्यातली म्हैस तेवढी फुरफुरली.

"चाळीस वर्सं मी बाया आन्‌ प्वारं एका जागी ठेवली," धुरपदाबाई म्हणाली. "माझ्या चमचाभर ओव्यापायी त्या बाईनं पोरीला तीन वर्सं सोडायची? वैजे, आठ दिस लई झाले गं. उद्याच सांगू."

वैजू उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाबाई एकटीच सरकारी विश्रामगृहावर गेली आणि डॉ. नीलांबरींना सगळं सांगून मोकळी झाली. बाईंनी शांतपणे ऐकलं, चहा दिला.

"धुरपदाबाई, रागावू नका. पण असे दोनशे लोक रोज मला सांगतात, दगड माझा आहे म्हणून. एकजण तर म्हणाला, तो त्याच्या स्वप्नातून पडला. यंत्र काय म्हणतं ते महत्त्वाचं. आणि साधा दगड तेलात बुडवून आतपर्यंत तेल जात नाही, बघितलंय आम्ही करून."

"गार दगुड बुडवला असंल."

बाईंचा कप ओठांपाशी थांबला. "म्हणजे?"

"तापवून, बाई. तापवल्याबगर त्यो पितच न्हाई."

"पण पुरावा काय? तुमच्या दगडावर आता प्रयोग करून काय कळणार, त्यात तर आधीच..."

"पुरावा मी आणलाय," दारातून आवाज आला.

वैजू उभी होती. डोळे सुजलेले. हातात पिशवी. त्याच धडाक्यातला दुसरा तुकडा बिरा धनगरानं परवाच केंद्रात आणून दिला होता, मुठीएवढा. मेंढ्या राखता राखता त्यानं तो लांबूनच बघितला आणि विटाळ नको म्हणून काठीनं पिशवीत ढकलला होता. त्याच्याइतका कोरा तुकडा जगात नव्हता.

"मी यंत्रात घालून आणलाय," वैजू म्हणाली. "थायमॉल शून्य. आजीनं जसं केलं तसंच अठरा दिवस याला करू. मग पुन्हा हुंगवू."

"अठरा दिवस?" बाई म्हणाल्या. "आणि शेकायचं कुणाला?"

धुरपदाबाईनं त्यांच्या एका कुशीवर बसण्याकडं बघितलं. "पाठ कवापासनं दुखतीया?"

असा तो प्रयोग झाला. शास्त्राच्या इतिहासात त्याला तोड नाही. वैजूनं परदेशाला निघायची तारीख पुढं ढकलली. रोज सकाळी विश्रामगृहाच्या मागं चूल पेटायची. वैजू तापमान मोजायची, वेळ लिहायची, तेलाचा प्रत्येक थेंब वहीत टिपायची. आणि देशातल्या पहिल्या दहांत गणल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञ बाई खाटेवर पालथ्या पडून "अगं आई गं, तिथंच, तिथंच," म्हणायच्या. सहाव्या दिवशी त्या ताठ चालायला लागल्या. बाराव्या दिवशी त्यांनी खाली वाकून चप्पल घातली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अठराव्या दिवशी दगड राखेनं घासला, लिंबानं पुसला आणि यंत्रात घातला.

अकरा मिनिटं. साल स्वच्छ. पोटात थायमॉल. आत जावं तसं वाढत जाणारं. दोन आलेख एकमेकांवर ठेवले तर दोन आहेत हे कळू नये.

नीलांबरीबाई खुर्चीत टेकून बसल्या. सरळ बसल्या, ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही. "दुरुस्तीचं पत्र पाठवायला लागेल. जगभर." मग वैजूकडं न बघता त्या म्हणाल्या, "एक वाट आहे. जिला दगड सापडला तिनं माहिती दडवली, असं लिहिता येईल. मग केंद्राच्या माणसावर काही येत नाही. तुझं बोलावणं कदाचित टिकेल."

"तसंच ल्हिवा," धुरपदाबाई लगेच म्हणाली. "दडवली म्हना, इसरली म्हना, म्हातारीला अक्कल न्हाई म्हना. माझं काय जातंय? मला कुठं नोकरीला लागायचंय?"

वैजूनं कागद ओढून घेतला. आजीकडं बघितलं. ते तेलानं चकचकीत हात, चुलीनं भाजलेली नखं. मग तिनं घाईनं लिहायला घेतलं, जणू थांबली तर मन बदलेल.

'हिवरओढा अशनी. वर्ग एल-सहा, सर्वसाधारण. सेंद्रिय रेणू हाताळणीतून आलेले. दगड अठरा दिवस शेकासाठी वापरात होता. दगड ज्यांना सापडला त्या धुरपदाबाईंनी काहीही दडवलेलं नाही. नोंद करताना मी त्यांना विचारलं नाही.' खाली सही केली. पहिल्या सहीपेक्षा मोठी.

"येडी हायस का?" धुरपदाबाई म्हणाली. मग तिनं वैजूच्या डोक्यावरून तेलकट हात फिरवला.

पुढं जे व्हायचं ते झालं. बोलावणं आठवड्यात मागं घेतलं गेलं. वैजूला सहा महिने यंत्राला हात लावायची बंदी झाली. आबासाहेबांनी कमान उतरवली नाही, नुसता 'ओवा' शब्द खोडला आणि तीन महिने आत्याशी बोलले नाहीत. रस्ता झाला, कारण त्याची मंजुरी रद्द करायचं सरकार विसरलं. दवाखाना मात्र सरकारच्या लक्षात राहिला.

यानाची वाट पुन्हा जुनीच ठरली. ते निघायच्या आधी एके दिवशी चंद्रावरून फोन आला. मारिसोल. तिचं बोलणं मराठीत करणारं यंत्र फार सभ्य मराठी बोलायचं, पण बाई चिडलेली आहे हे त्यातूनही कळत होतं.

"आपण माझी जन्मात एकदाच मिळणारी संधी घालवलीत. मला त्या लघुग्रहावर जायचं होतं. माझ्या मुलीची काळजी करायला आपणांस कोणी सांगितलं?"

धुरपदाबाईनं ऐकून घेतलं. "कुनी न्हाई बाई. चुकलं असंल माझं. पोरीचं नाव काय?"

मग सभ्य मराठीत उत्तर आलं, "लुसिया." आणि त्यानंतर यंत्राला मराठी करता येईना, कारण पलीकडची बाई रडत होती.

जागतिक समितीनं दुरुस्ती मान्य केली, पण कळवलं की फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरून पाठवा. वैजूनं तो एका रविवारी घरी आणला. वेळ तिच्यापाशी आता भरपूर होता. ओसरीवर बसली, आजीला शेजारी बसवलं. सापडल्याची जागा. सापडल्याची तारीख. मग तिची लेखणी त्या चौकोनापाशी आली आणि थांबली.

"आजी," ती म्हणाली, "हाताळणी सांग. अगदी पहिल्यापासून. काही सोडू नकोस."

धुरपदाबाईनं मांडी नीट घातली, पदर खोचला.

"पयल्यापासनं म्हंजी बघ," ती म्हणाली, "माझं लगीन झालं तवा मी तेरा वर्सांची. आन्‌ माझी सासू, तिचे हात असे..."

चौकोन तर दोन ओळींचा होता. वैजूनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.